पवित्र कबरेच्या प्रतिकृतींचा शोध

ज्या पवित्र स्थळीं आपणांस जातां येत नाहीं, त्या स्थळाची स्मृति आपल्या गांवीं कशी आणावी? धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या वर्षीं या जुन्या प्रश्नाचा विचार करणें उचित होय. युरोपांतील ख्रिस्ती लोकांनीं त्याचें उत्तर दगडांत दिलें. यरुशलेम येथील प्रभु येशूच्या पवित्र कबरेच्या प्रतिकृति त्यांनीं ठिकठिकाणीं उभारल्या. त्या शोधीत मोटारीनें मजल दरमजल करणारे यात्रेकरू व अभ्यासक आजही आढळतात. त्यांच्या वाटेनें आपणही मनानें थोडें चालूं या.

प्रथम मूळ स्थळाविषयीं दोन शब्द. बादशहा कॉन्स्टंटाइन यानें कबरेच्या स्थानीं उभारलेल्या मंदिराचें पवित्रीकरण ३३५ सालीं झालें. पुढें कबरेभोंवतीं स्तंभांनीं वेढलेली गोल वास्तु उभी राहिली. ६१४ सालीं इराणी सैन्यानें मंदिर जाळलें. १००९ सालीं खलिफा अल्-हाकिम याच्या आज्ञेनें तें पाडण्यांत आलें. प्रत्येक वेळीं तें पुन्हां उभारलें गेलें. यरुशलेमचा मार्ग लांबचा, खर्चाचा व जिवावरचा. सामान्य शेतकऱ्यास किंवा वृद्ध विधवेस तो घडणें अशक्यच. अशा लोकांसाठीं प्रतिकृति निर्माण झाल्या.

जर्मनीच्या पश्चिम भागांत पाडेरबोर्न नगर आहे. तेथील बिशप मायन्वेर्क यांनीं मठाधिपति वीनो यांस यरुशलेमास पाठवून पवित्र कबरेच्या मंदिराचीं मापें आणविलीं, आणि १०३६ सालीं आपल्या नव्या देवळाचें पवित्रीकरण केलें. मापें इतक्या दूरून आणूनही हें देऊळ गोल नव्हतें, अष्टकोनी होतें! तेथून दक्षिणेस फुल्डा येथें मठवासी बंधूंच्या दफनभूमींत मठाधिपति आयगिल यांनीं ८२० ते ८२२ या काळांत संत मायकल यांचें देऊळ बांधविलें. तें मात्र गोल असून आंत आठ स्तंभ वर्तुळाकार उभे आहेत. एकाच मूळाच्या या दोन प्रति परस्परांशीं जुळत नाहींत, हें पाहून प्रवासी बुचकळ्यांत पडतो.

या कोड्याचा उलगडा रिचर्ड क्राउटहायमर या इतिहासकारानें १९४२ सालीं केला. त्या काळच्या लोकांस हुबेहूब नक्कल अभिप्रेत नव्हती, असें त्यानें दाखविलें. एखादें माप, स्तंभांची संख्या, साधारण गोलाकार आणि पवित्र कबरेचें नांव, एवढ्यानें त्यांचें समाधान होई. डोळ्यांस साम्य दिसावें यापेक्षां अंतःकरणास स्मरण व्हावें, हा त्यांचा हेतु होता.

पुढें कांहीं शतकांनीं दृष्टि बदलली. पोलंडच्या सीमेवरील गोर्लिट्झ नगराचा व्यापारी गेओर्ग एमेरिख हा १४६५ सालीं यरुशलेमास जाऊन आला. त्यानंतर नगराबाहेर उभारलेली पवित्र कबर व तिच्या भोंवतालचीं देवळें १५०४ सालीं पूर्ण झालीं. ही कबर आकारानें लहान. परंतु तिच्या भिंतींवरील कमानी व माथ्यावरचें छत्र हीं यात्रेकरूंनीं त्या काळीं पाहिलेल्या रूपाप्रमाणें आहेत. इकडे यरुशलेमांत १५५५ सालीं कबरेवरील लहान मंदिर नव्यानें बांधण्यांत आलें, १८०८ सालीं मोठी आग लागली, आणि १८१० सालीं आजचें रूप सिद्ध झालें. अर्थात् जें रूप मूळ स्थळीं उरलें नाहीं, तें प्रतिकृतींत टिकलें. बव्हेरियांत आयख्श्टेट येथें कापुचिन बंधूंच्या देवळांत याहूनही जुनी, बाराव्या शतकांतील प्रतिकृति आहे. तीही हीच साक्ष देते.

म्हणून मूळ स्थळाचें महत्त्व कमी होत नाहीं. २०१६ सालीं कबरेवरील संगमरवरी शिळा काढून तपास झाला, तेव्हां आंतील चुना चौथ्या शतकांतील असल्याचें निष्पन्न झालें. खडक यरुशलेमनें राखिला. त्याचें जुनें रूप दूरच्या भाविकांनीं राखिलें.

आल्प्स पर्वत ओलांडून इटलींत बोलोन्या येथें संत स्टीफन यांच्या देवळांच्या समूहांत अशीच एक कबर आहे. परंतु आपला प्रवास तेथें संपत नाहीं. संत फ्रान्सिस यांचे अनुयायी चौदाव्या शतकापासून पवित्र भूमींतील स्थळांचे रक्षक आहेत, आणि क्रुसाच्या वाटेची भक्ति त्यांनींच दूरवर नेली. १७३१ सालीं पोप बारावे क्लेमेंट यांनीं तिचीं चौदा स्थानें निश्चित केलीं. तीं आज वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या देवळांच्या भिंतींवर आहेत. चौदावें स्थान प्रभूला कबरेंत ठेविल्याचें. उपवासकाळीं त्यापुढें गुडघे टेकणारी आजीबाई यरुशलेमच्याच वाटेवर असते.

या इतिहासांतून आपणांस एक बोध घेतां येतो. देवळें जुनीं होतात, लहान पडतात, पाडून नवीं बांधावीं लागतात. त्यांत पाप नाहीं. परंतु पाडण्यापूर्वीं मापें घ्यावीं, चित्रें काढून ठेवावीं, बाप्तिस्म्याच्या वह्या जपाव्या, वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्या. वीनो यांनीं मापें आणलीं नसतीं, एमेरिखनें जें पाहिलें तें गांवास दाखविलें नसतें, तर आज कोणास काय कळलें असतें? आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचें रूप पुढच्या पिढीस दाखविणें हें आतां आपल्या हातीं आहे.

आणि शेवटीं हेंही विसरूं नये कीं, या साऱ्या कबरी रिकाम्या आहेत. ज्याच्यासाठीं त्या बांधल्या, तो उठला आहे. प्रतिकृति खरी कीं खोटी हें दगडावरून ठरत नाहीं. तिच्यापुढें उभा राहणारा मनुष्य जिवंत प्रभूकडे वळतो कीं नाहीं, यावरून तें ठरतें. आपल्या देवळाच्या ज्युबिलीचेंही मोजमाप याच मापानें व्हावें.