महिनाभर थांबा, मग आत या

डुब्रोवनिक म्हटलं की आपल्या पिढीला आधी 'गेम ऑफ थ्रोन्स' आठवतं. ते 'किंग्ज लँडिंग' म्हणजे हेच गाव. २०२३ च्या ऑक्टोबरात लाँग वीकेंड मिळाला तेव्हा जर्मनीहून विमान पकडून गेलो, ते खरं सांगायचं तर त्याच ओढीने. (क्रोएशिया त्याच वर्षी १ जानेवारीपासून शेंगेनमध्ये आणि युरोमध्ये आला, त्यामुळे व्हिसाची कटकट नाही आणि पैसे बदलायचीही नाही.) तीन दिवस पायी भटकलो. पण डोक्यात राहिलं ते सिरियल नव्हे, तर या गावाने साडेचारशे वर्षं स्वतःला कसं तगवलं, हा प्रश्न.

सुरुवात तटावरून करावी. पिले दरवाज्यापाशी तिकीट काढायचं (२०२३ मध्ये पस्तीस युरो होतं! काळजाला घरं पडली), जिना चढायचा आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने निघायचं. तटाचा घेर १९४० मीटर, काही ठिकाणी उंची २५ मीटर. मिन्चेता बुरुजावर पोचलात की सगळं गाव पायाशी. मधोमध जो सरळ, गुळगुळीत, संगमरवरासारखा चकाकणारा रस्ता दिसतो तो स्ट्रादून. तिथे एके काळी पाणी होतं. समुद्राकडचं बेट आणि डोंगराकडची वस्ती यांच्यामधली ती खाडी बुजवून दोन्हींचं एक शहर झालं, त्याचं जुनं नाव रागुसा.

आपण गडकिल्ल्यांच्या इतिहासावर वाढलेली माणसं. एवढा भक्कम तट दिसला की पहिला प्रश्न येतो, इथे लढाई कोणती झाली? तर गंमत अशी, की १३५८ साली व्हेनिसचा अंमल उठल्यापासून १८०६ पर्यंत हा तट कुणी लढून घेतलाच नाही. रागुसाकडे नाव घेण्यासारखं सैन्य नव्हतं. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला ऑटोमन तुर्क, आणि मध्ये हे एवढंसं प्रजासत्ताक! त्यांनी काय केलं? पैसे मोजले. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सुलतानाला वर्षाला १२,५०० डुकाट खंडणी जायची आणि ती घेऊन वकील दरवर्षी इस्तंबूलला जायचे. बदल्यात तुर्की मुलखात व्यापाराची मोकळीक. इकडे पोपशी गोडी, तिकडे सुलतानाशी सलोखा. आपल्या कानांना हे जरा पुचाट वाटतं, मलाही वाटलं. पण इंग्रजीत मालाने लादलेल्या मोठ्या जहाजाला 'अर्गोसी' म्हणतात ना, शेक्सपिअरच्या व्यापाऱ्याची असतात ती, तो शब्द याच रागुसावरून आलाय. पुचाट गावाच्या नावाने जहाजं ओळखली जात नाहीत.

याहून भारी किस्सा १६९९ चा. कार्लोविट्झच्या तहानंतर व्हेनिसची हद्द थेट शेजारी येणार असं दिसलं, तेव्हा रागुसाने आपल्याच जमिनीचा समुद्रापर्यंतचा एक तुकडा तुर्कांकडे जाऊ दिला. शेजारी व्हेनिस नको, त्यापेक्षा मध्ये तुर्क बरा! तो तुकडा म्हणजे नेउम. तुर्कांकडून तो पुढे बोस्नियाकडे आला, म्हणून आज बोस्नियाला जेमतेम वीस किलोमीटर समुद्रकिनारा आहे आणि क्रोएशियाचे दोन भाग झालेत. स्प्लिटहून गाडीने डुब्रोवनिकला यायचं तर मध्ये परदेश लागायचा. २६ जुलै २०२२ ला पेल्येशात्सचा पूल खुला झाला आणि तो फेरा संपला. तीनशे वर्षांपूर्वीचा एक पॅच, आणि त्याच्यावरचा वर्कअराउंड आत्ता आत्ता. आमच्या प्रोजेक्टमध्येही असं होतं, फक्त तिथे तीनशे वर्षं कुणी थांबत नाही :-)

आतली व्यवस्थाही तितकीच संशयी. राज्याचा प्रमुख रेक्टर, त्याची मुदत किती? एक महिना! महिनाभर त्याने रेक्टरच्या वाड्यातच राहायचं, कामाशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि पुन्हा निवडून यायला दोन वर्षं थांबायचं. शहराच्या दरवाज्यांच्या किल्ल्या रोज रात्री त्याच्याकडे जमा व्हायच्या. तो वाडा आता संग्रहालय आहे. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की खाजगी विसरा, सार्वजनिक बघा. अर्थात हे 'सार्वजनिक' ठरवणारी घराणी मोजकी आणि सरदारांची, बाकीच्यांना मत नव्हतं. अंगणात मिहो प्रात्सात नावाच्या व्यापाऱ्याचा अर्धपुतळा आहे. सरदार नसलेल्या माणसाचा प्रजासत्ताकाने केलेला हा एकमेव सन्मान, तोही त्याने आपली अफाट संपत्ती सरकारला ठेवली म्हणून. असो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. १३४८ मध्ये प्लेगने युरोप झोडपला, रागुसाही सुटलं नाही. रोग पुन्हा पुन्हा येत राहिला. बंदर बंद करावं तर गाव उपाशी, कारण इथे धान्यसुद्धा समुद्रातून यायचं. उघडं ठेवावं तर मरण आत. या पेचात २७ जुलै १३७७ ला महापरिषदेने एक ठराव केला: प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने म्रकान बेटावर किंवा त्सावतात गावात एक महिना राहावं, मगच रागुसात यावं. गावातलं कुणी परवानगीशिवाय त्यांना भेटायला, जेवण द्यायला गेलं तर त्यानेही तिथेच महिना काढायचा. मोडलं तर दंड.

थोडा विचार करा. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये. म्हणजे या लोकांना रोग कशाने होतो हे ठाऊक नव्हतं, आणि पुढची पाचशे वर्षं कुणालाच ठाऊक होणार नव्हतं. पण त्यांनी निरीक्षण केलं, की माणूस वरून धडधाकट दिसला तरी रोग आत असू शकतो, आणि असेल तर काही दिवसांत दिसतोच. म्हणजे तपासणीचं यंत्र कोणतं? वेळ. 'येऊ नका' आणि 'या' यांच्यामधला तिसरा पर्याय त्यांनी कायद्यात लिहिला: 'थांबा'. कोड थेट प्रॉडक्शनला न टाकता आधी स्टेजिंगला ठेवतात, तसंच! तीस दिवसांचे पुढे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या चाळिसावरून शब्द आला क्वारंटाईन, जो २०२० मध्ये आपल्या घराघरात पोचला.

त्याने प्लेग संपला का? नाही. १५२६-२७ ची साथ भयंकर ठरली. उघड्या बेटावर ऊनपावसात महिना काढणं ही चैनही नव्हती. पण त्यांनी नाद सोडला नाही. सुधारणा करत राहिले, आरोग्याचे कायमचे अधिकारी नेमले, आणि १५९० पासून पूर्वेच्या प्लोचे दरवाज्याबाहेर दगडी लाझारेती बांधायला घेतली. तुर्की मुलखातून येणारे तांडे तिथेच पोचायचे. लांबलचक दालनं, मध्ये अंगणं, समुद्राचा वारा. माणसं वेगळी, लोकर-कातडी वेगळी.

तिथे उभं राहून मला पुणं आठवलं. १८९७. तेव्हाही विलगीकरणच होतं, पण घरात घुसणारे सोजीर, सामानाची नासधूस, देवघरात बूट. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच साली आलेला साथीच्या रोगांचा कायदा २०२० मध्येही कामी आला. मला वाटतं फरक औषधाचा नव्हताच. रागुसात नियम करणारे आणि त्याच बंदरावर पोट असणारे एकाच गावचे होते. त्यांचीही जहाजं त्याच रांगेत थांबणार होती. पुण्यात ठरवणारा आणि भोगणारा यांच्यात साता समुद्रांचं अंतर होतं.

बाकी इतिहास भराभर सांगतो. ६ एप्रिल १६६७ ला भूकंपाने शहर कोसळलं, खुद्द रेक्टर गेला, मागोमाग आगी लागल्या. स्ट्रादूनवरची आजची एकसारखी घरं त्यानंतरची. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्य आत शिरलं आणि ३१ जानेवारी १८०८ ला मार्मोंने प्रजासत्ताक बरखास्त केलं. नेपोलियनने त्याला 'रागुसाचा ड्यूक' केलं. १८१४ मध्ये याच मार्मोंने नेपोलियनची साथ सोडली, तेव्हा फ्रेंचांनी 'दगा देणे' यासाठी त्या पदवीवरून क्रियापदच बनवलं. गावाने सूड घेतला म्हणायचा!

तटावरून छपरं नीट पाहा. बहुतेक कौलं भडक केशरी, मध्येच एखादं फिकट, मळकट. मळकट ती जुनी. १९९१ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव सैन्याने वेढा घातला आणि ६ डिसेंबरला जुन्या शहरावर तोफगोळ्यांचा वर्षाव झाला. १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं शहर, तरीही. पिले दरवाज्याजवळ एक नकाशा लावलाय. कुठे गोळा छपरावर पडला, कुठलं घर जळलं, सगळं खुणांनी दाखवलेलं. बहुतेक पर्यटक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढत होते. भिंतींच्या आत आता हजार-दीड हजार लोक राहतात, दिवसा त्यांच्या कितीतरी पट माणसं क्रूझमधून उतरतात. २०१९ पासून शहराने जहाजांवर मर्यादा घातली आहे. पुन्हा तोच प्रश्न, बंदर किती उघडं ठेवायचं?

एक आपल्या जवळचा धागा. गावाचा रक्षक संत व्लाहो, हातात शहराची छोटी प्रतिकृती घेऊन जागोजागी उभा असतो. तोच संत ब्लेझ, पोर्तुगीजांचा साव ब्राझ. जुन्या गोव्याजवळ गंडावली इथे त्याच्या नावाचं चर्च आहे आणि सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या रागुसाच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडतात. सण दोन्हीकडे ३ फेब्रुवारीलाच. पुढच्या गोवा ट्रिपला बीच थोडा कमी करा आणि जाऊन या.

शेवटच्या दिवशी दहा नंबरची बस पकडून त्सावतातला गेलो. मासेमारीच्या बोटी, पाइनची झाडं, कॉफी डुब्रोवनिकच्या मानाने स्वस्त. भूशिराला वळसा घालून चालत गेलं की समोर समुद्रात लहान बेटं दिसतात. त्यातलं मोठं म्रकान. खडक, झुडपं आणि पक्षी, वस्ती नाही. तिथे बसलेल्या माणसाला ते तीस दिवस किनारा सतत दिसत असणार, पोहून जाता येईल इतका जवळ.