ओवी : जात्यावरून जन्मदाखल्यावर

आजचा भाग एका दोन अक्षरी नावावर आहे. तुमच्या भाचीचं, पुतणीचं किंवा शेजारच्या बाळाचं नाव कदाचित हेच असेल : ओवी.

फोनवर या नावाचा अर्थ शोधलात, तर बाळांच्या नावांच्या वेबसाइटवर 'संतांचा पवित्र संदेश' असं काहीतरी मिळतं. अगदीच खोटं नाही ते. पण अर्धंच आहे. आणि जे अर्धं राहिलंय ते जास्त जुनं आहे.

मालवण तालुक्यातल्या तोंडवलीचं उदाहरण घेऊ. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. समजा, इथल्या एखाद्या ऐंशीच्या पुढच्या आजीला सांगितलं, की पणतीचं नाव ओवी ठेवतोय. "ह्यां खंयचां नाव?" असं ती विचारू शकते. कारण तिच्यासाठी ओवी हे माणसाचं नावच नाही. ओवी म्हणजे पहाटेचं जातं. घावण्यांसाठी तांदूळ दळायचे, भाकरीसाठी नाचणी दळायची आणि हात फिरत असताना तोंडाने जे गायचं, ती ओवी. बारशाला आत्याने कानात सांगायची गोष्ट ती नव्हे.

हे गाणं किती जुनं? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, ११२९ च्या सुमाराचा. राजनीतीपासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे. संगीताबद्दल सांगताना त्यात एक नोंद येते, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. कांडताना, म्हणजे उखळ-मुसळाचं काम करताना. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. भात कांडल्याशिवाय तांदूळ नाही आणि तांदळाशिवाय जेवण नाही.

आता दुसरी तारीख बघा. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली १२९० मध्ये. तिच्यात सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी राजाच्या ग्रंथात बायकांच्या ओवीची नोंद झालेली होती. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगायला घेतली, तेव्हा त्यांनी जी ओवी निवडली, तिचं नाव आधीपासून बायकांच्या तोंडी होतं. ग्रंथातली ओवी थोडी वेगळी : तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड. जात्यावरची मोकळी, बहुतेकदा दोन ओळींची. 'ओवी' हा शब्द 'ओवणे' या क्रियापदाशी जोडतात. फुलं ओवावीत तसे शब्द ओवायचे.

आता खरा मुद्दा. ग्रंथातल्या ओवीला कर्ता आहे. ज्ञानेश्वर आपलं नाव सांगतात. जनाबाईच्या नावाने अभंग आहेत, आणि तिथेही ती स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. पण जात्यावरच्या ओवीला सही नसते. त्या ओव्यांत भाऊ येतो, लेक येते, माहेरचा रस्ता येतो, विठ्ठल येतो. ओवी रचणारी बाई कोण, हे मात्र बहुतेकदा कळत नाही. लग्नात तर तिचं नावही बदललेलं असायचं.

क्वचित कुणाचं नाव टिकलं. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गात होत्या आणि घरातल्यांनी ते लिहून ठेवलं. म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यावर, त्यांची गाणी पुस्तक होऊन आली. कागदावर कुणी उतरवलं नसतं तर? तशा किती बहिणाबाई गेल्या असतील, विचार करा.

हे बदलायचा एक मोठा प्रयत्न पुण्यातून झाला. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बायका. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. शतकानुशतकं गाळलेली गोष्ट तिथे भरली गेली.

गावात गिरण आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. याचं रडगाणं नको. पहाटे उठून दळणं म्हणजे कष्टच होते; गिरण आल्यावर बायकांचे हात सुटले, हे चांगलंच झालं. फक्त हात सुटले तसं गाणंही सुटलं. काम संपल्यावर शब्द रिकामा झाला आणि रिकाम्या शब्दाचं नाव करता येतं. आज मुलांची नावं श्लोक असतात, मुलींची ऋचा असतात. ती पोथीतून आली. ओवी आली स्वयंपाकघरातून, आणि हाच तिचा मान आहे.

म्हणून कुणी अर्थ विचारला तर 'पवित्र संदेश' एवढ्यावर थांबू नका. सांगा, की जगाने ज्यांची नावं लिहून ठेवली नाहीत, त्या बायकांच्या गाण्याचं हे नाव आहे.

आणि एक काम करा. घरात आजी असेल, मामी असेल, शेजारची काकी असेल, तर या आठवड्यात फोनचा रेकॉर्डर चालू करून तिच्यासमोर बसा. एखादी ओवी आठवतेय का, विचारा. दोनच ओळी आठवल्या तरी चालतील. फक्त फाइलला 'रेकॉर्डिंग १' असं नाव देऊ नका. आजीचं नाव द्या, आणि तिच्या माहेरच्या गावाचंही.

भेटू पुढच्या भागात!