'कलिंग' नावाची गोगलगाय : समुद्रातल्या चिमुकल्या जिवांची चित्रे कशी टिपली गेली? (धागा)

१/
परभणी जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. दिसते ती गोदावरी. संत जनाबाईंच्या गंगाखेडला वळसा घालून ती पूर्वेकडे निघते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास संपवून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखापासून ईशान्येस, त्याच किनाऱ्यावर वॉल्टेर आहे. आजच्या विशाखापट्टणमचा तो भाग. ही कथा तेथून सुरू होते.

२/
वॉल्टर एलियट (१८०३–१८८७) हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना अमरावतीच्या स्तूपामुळे ठाऊक असते. १८४५ मध्ये तेथे खोदकाम करून त्यांनी शिल्पे मद्रासला नेली. त्याआधी ते धारवाड परिसरात, म्हणजे इंग्रज ज्याला 'दक्षिण मराठा मुलूख' म्हणत त्या प्रदेशात अधिकारी होते. तेथील सस्तन प्राण्यांची त्यांनी केलेली सूची १८३९ ची आहे.

३/
पुढे उत्तर सरकार प्रांताचे कमिशनर असताना वॉल्टेरच्या किनाऱ्यावर त्यांनी एका वेगळ्याच प्राण्याचा संग्रह केला. हा प्राणी म्हणजे समुद्री गोगलगाय. तिला शंख नसतो. श्वसनाचे कल्ले पाठीवर उघडेच असतात, जणू फुलांचा तुरा. अनेक जाती बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या नसतात. रंग मात्र असे की, पैठणीने हेवा करावा.

४/
अडचण या रंगांचीच होती. शंख-शिंपला कपाटात शंभर वर्षे टिकतो. ही गोगलगाय मद्यार्काच्या बरणीत टाकली की आक्रसते, तिचा रंग उडतो आणि उरतो तो करडा गोळा. त्यावरून जिवंत प्राणी कसा होता, हे सांगणे कठीण. म्हणून ती जिवंत असतानाच तिचे रंगीत चित्र काढून घेणे अनिवार्य होते.

५/
एलियट यांचा हा संग्रह इंग्लंडमधील जोशुआ अल्डर आणि अल्बनी हॅनकॉक या तज्ज्ञांकडे गेला. दोघांनी वॉल्टेरचा समुद्र कधीही पाहिला नव्हता. बरण्यांतील नमुने आणि सोबतची चित्रे यांच्या आधारे त्यांनी १८६४ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील एका नव्या वंशाला त्यांनी नाव दिले 'कलिंग'. कलिंगा ऑर्नाटा, म्हणजे 'अलंकृत कलिंग'. अशोकाच्या शिलालेखातला कलिंग देश असा एका गोगलगायीच्या नावातही शिरला.

६/
निबंधाच्या शीर्षकात एलियट यांचे नाव आहे. जातींच्या नावापुढे अल्डर आणि हॅनकॉक यांची नावे कायमची जोडली गेली. एलियट यांच्या पदरी भारतीय चित्रकार होते. परंतु ज्या हातांनी कुंचला धरला, त्यांना त्या शीर्षकात जागा नव्हती. चित्र पुरावा ठरले, चित्रकार मात्र नोंदीबाहेर राहिला. वसाहतकालीन निसर्गविज्ञानात हे वारंवार घडले आहे.

७/
याच सुमारास दुसरीकडे कॅमेरा पाण्यात उतरत होता. १८५६ मध्ये इंग्लंडच्या वेमथ उपसागरात विल्यम थॉम्पसन या निसर्गप्रेमी वकिलाने कॅमेरा पेटीत बंद करून होडीतून खाली सोडला. तो स्वतः होडीतच बसून होता. पेटीत पाणी शिरले, तरी काचेवर समुद्रतळाची अंधूक प्रतिमा उमटली.

८/
माणूस कॅमेऱ्यासह खाली गेला तो १८९३ मध्ये. फ्रान्सच्या बान्यूल्स येथील प्रयोगशाळेत लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने जड पाणबुडी पोशाख चढवून छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्याची जलरोधक पेटी त्याच्या भावाने तयार केली होती. एका छायाचित्रासाठी कधीकधी अर्धा तास लागे. खडक आणि शेवाळ तेवढा वेळ थांबत. सरपटणारा जीव थांबत नसे.

९/
प्रकाश हाच खरा अडसर होता. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या उष्ण पाण्यात विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्यावरील तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा स्फोट घडवून खालच्या माशाचे रंगीत छायाचित्र घेतले. ते जानेवारी १९२७ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये छापून आले. एका माशाच्या रंगासाठी दारूगोळ्यासारखी तयारी करावी लागली!

१०/
एवढा खटाटोप का? पाणी सूर्यप्रकाशातील लाल रंग सर्वांत आधी शोषते. काही मीटर खाली गेले की, तांबडी गोगलगाय काळपट दिसू लागते. तिचा खरा रंग पाहायचा, तर प्रकाश सोबत न्यावा लागतो आणि अगदी जवळ जावे लागते; कारण दिवा आणि प्राणी यांच्यामधले पाणीदेखील रंग गिळतेच. सूक्ष्म छायाचित्रणाचे मूळ तत्त्व हेच आहे : अंतर कमी करा.

११/
ते अंतर कमी केले युद्धकाळाने. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोलचा तुटवडा असल्याने एमिल गान्याँ हा अभियंता मोटारी गॅसवर चालवण्यासाठी झडपा बनवत होता. १९४३ मध्ये त्याने आणि नौदल अधिकारी जॅक-इव्ह कुस्तो यांनी तेच तंत्र श्वासासाठी वापरले. पाणबुड्याने श्वास घेतला की, टाकीतून हवी तेवढीच हवा मिळू लागली. स्कूबाचा प्रसार येथून सुरू झाला.

१२/
कुस्तो यांच्या वर्तुळातील ज्याँ द वूतेर यांनी पेटीविना पाण्यात चालणारा कॅमेरा घडवला. १९६३ पासून निकॉन कंपनीने तो 'निकोनॉस' नावाने विकला. त्याच्या दृश्यदर्शकातून भिंगासमोरचे नेमके चित्र दिसत नसे. म्हणून लहान जिवांसाठी भिंगापुढे तारेची चौकट लावत. प्राणी चौकटीत आला की छायाचित्र स्पष्ट. पण ही चौकट प्रवाळाला टेकली की, त्याच्या नाजूक जिवांना इजा होई.

१३/
तरीही या कॅमेऱ्यांनी जुना प्रश्न सोडवला. वॉल्टेरला कुंचल्याने केलेले काम आता पाण्याखालीच होऊ लागले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे दीपक आपटे यांनी २००९ मध्ये लक्षद्वीपच्या समुद्री गोगलगायींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ५२ जाती लक्षद्वीपसाठी आणि ४० जाती भारतासाठी नव्या नोंदी होत्या. एलियट यांच्या संग्रहानंतर दीड शतकाने एकाच द्वीपसमूहात हे सापडावे, यावरून किती पाहायचे राहून गेले होते, याची कल्पना येते.

१४/
महाराष्ट्रात पाण्याखाली जाण्याचे प्रमुख ठिकाण मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या पाण्यातही प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये येथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले आणि स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. ज्यांचे पोट त्या पाण्यावर, त्यांना नकाशावरची रेघ आधी दिसते. हा विरोध समजून घेतल्याशिवाय तेथील संवर्धनाचा इतिहास पुरा होत नाही.

१५/
मुंबईत तर पाण्यात बुडी मारण्याचीही गरज पडली नाही. २०१७ मध्ये 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम सुरू झाला. ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अलीच्या खडकांवर कॅमेरे घेऊन लोक वाकले आणि 'घाणेरडा' म्हणून सोडून दिलेल्या किनाऱ्यावर गोगलगायी, खेकडे, प्रवाळ सापडत गेले. किनारी रस्त्याच्या वादात येथील सागरी जीवसृष्टीचा मुद्दा न्यायालयापर्यंत पोहोचला. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असलेले हे प्रवाळ पुढे २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवण्यात आले.

१६/
मात्र प्रत्येक छायाचित्र हा पुरावा नसतो. इतिहासाचा विद्यार्थी कोणत्याही कागदाला जे विचारतो, तेच येथेही विचारावे लागते : कोठे, केव्हा, कोणी? स्थळ-काळ नसलेले सुंदर छायाचित्र भिंतीवर शोभते, अभ्यासाला उपयोगी पडत नाही. आणि गोगलगायीला काडीने ढकलून 'चांगल्या' जागी बसवले असेल, तर तो बनावट दस्तऐवजच.

१७/
आज मराठवाड्यातून सुट्टीत मालवणला गेलेले कुटुंब थोड्या वेळासाठी पाण्याखाली उतरते आणि मोबाइलमध्ये चित्रफीत घेऊन परतते. एलियट यांच्या काळी कमिशनरालाही जे दृश्य लाभले नव्हते, ते आता गंगाखेडच्या मुलीला लाभू शकते. त्या चित्रफितीत एखादा अनोळखी जीव दिसला, तर तारीख, ठिकाण आणि स्वतःचे नाव तिने अवश्य लिहून ठेवावे. वॉल्टेरच्या चित्रकाराला ती संधी मिळाली नव्हती.