भोर-वेल्ह्याचा कातळ आणि युरेनियमचा शोध

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यातले भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे दोन्ही तालुके दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले आहेत. भोर गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि तोरण्याचा माथा सुमारे १,४०० मीटरवर. या दोहोंमधला आठशे मीटरचा चढ म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या खडकात लोह, मॅग्नेशियम, टायटॅनियम भरपूर आहे. युरेनियम मात्र नावापुरतेच सापडते.

याचे कारण शिलारसाच्या रसायनात आहे. युरेनियम, थोरियम, नायोबियम, टँटलम, लिथियम यांचे अणू बेसाल्टमधल्या नेहमीच्या खनिजांत सहजी सामावत नाहीत. शिलारस थंड होत जातो तसे ते उरलेल्या द्रवात साठत जातात आणि शेवटी ग्रॅनाइट व पेग्मटाइट या खडकांत एकवटतात. ग्रॅनाइटमध्ये दहा लाख भागांत साधारण तीन-चार भाग युरेनियम असते, तर बेसाल्टमध्ये एक भागही भरत नाही. देशात नैसर्गिक किरणोत्सर्ग सर्वांत कमी असलेल्या प्रदेशांत दख्खनचा हा पट्टा मोडतो तो त्यामुळेच.

इथल्या माणसाला खडकाची पारख मात्र पूर्वीपासून होती. काळा कातळ बांधकामाला, मुरूम वाटेला, जांभा डोंगरमाथ्यावर, हे पाथरवटाला कोणी शिकवायला नको होते. शेजारच्या महाबळेश्वरच्या जांभ्यातून धावड लोक लोखंड गाळत. ब्रिटिशकालीन गॅझेटियरात त्याची नोंद आहे. रायरेश्वराच्या पठारावरची रंगीबेरंगी माती आज पर्यटकांना दाखवतात, तीही बेसाल्ट दीर्घकाळ कुजून झालेली. जमिनीतून धन निघाल्याची या भागातली प्रसिद्ध कथा एकच: तोरण्याची डागडुजी करताना शिवाजी महाराजांना द्रव्य सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला. ते धनही पूर्वी कोणी पुरून ठेवलेले होते, खाणीतले नव्हे.

लेखी भूविज्ञानाची सुरुवात कर्नल विल्यम साइक्स यांच्यापासून धरता येते. मुंबई इलाख्याचे सांख्यिकी अधिकारी म्हणून त्यांनी १८२० च्या दशकात दख्खन पालथा घातला, वायुभारमापकाने उंच्या मोजल्या आणि इथल्या डोंगरांच्या आडव्या, पायऱ्यांसारख्या थरांचे वर्णन केले. त्यांचा दख्खनवरील निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३६ मध्ये छापला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले उद्दिष्ट कोळसा हे होते. दख्खनच्या बेसाल्टात कोळसा असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे या मुलखाकडे लक्ष जायला वेळ लागला. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६० च्या दशकात पश्चिम व मध्य भारतातल्या ट्रॅपचा, म्हणजे या बेसाल्टथरांचा, सविस्तर आढावा घेतला. हे थर समुद्राखाली नव्हे, उघड्या जमिनीवर साचले, हा निष्कर्ष त्या काळातल्या कामातून पक्का झाला. उपयुक्त खनिजांच्या दृष्टीने या अहवालांत सांगण्यासारखे फारसे काही नव्हते आणि लिहिणाऱ्यांनी ते लपवलेही नाही.

पंत सचिवांचे भोर संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अणुऊर्जा कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग आला. १९४९ मध्ये दुर्मिळ खनिजांच्या सर्वेक्षणासाठी वेगळे पथक निघाले. त्याचे नेतृत्व दाराशॉ वाडिया यांच्याकडे होते. पुढे हेच पथक अणुखनिज विभाग झाले आणि १९९८ पासून ते अणुखनिज अन्वेषण व संशोधन संचालनालय या नावाने काम करते. त्याचे मुख्यालय हैदराबादला आहे आणि मध्य विभागाचे कार्यालय नागपूरला. पुण्याला नाही, नागपूरला, हे खडक पाहूनच ठरल्यासारखे आहे. १९५१ मध्ये सिंहभूममधल्या जादुगुड्याला युरेनियम सापडल्यावर शोधाची दिशा निश्चित झाली: जुने स्फटिकी खडक, त्यांतले भ्रंश आणि त्यांच्यावर बसलेले प्राचीन गाळथर.

महाराष्ट्रात असे खडक ट्रॅपच्या कडेला उघडे पडतात. पूर्व विदर्भात छत्तीसगडच्या सीमेजवळ युरेनियमचा साठा नोंदला गेला. तो सुमारे ३५० टनांचा आहे आणि देशाच्या तीन लाख टनांहून मोठ्या साठ्यापुढे किरकोळ आहे. कर्नाटकात भीमा खोऱ्यातल्या गोगीला बरा साठा मिळाला. ती जागाही ट्रॅपच्या किनारीपासून फार दूर नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवी, नेवरे, मालगुंडच्या खाड्यांजवळ काळी वाळू आहे. तिच्यातला इल्मेनाइट म्हणजे टायटॅनियमचे खनिज. ते सह्याद्रीचाच बेसाल्ट झिजून समुद्राला मिळालेले. थोरियम आणि दुर्मिळ मृदा धातू देणारा मोनाझाइट मात्र तिथे अगदीच थोडा आहे, कारण तो ग्रॅनाइट आणि नाइस खडकांतून येतो.

म्हणजे भोर-वेल्ह्याच्या पोटात युरेनियम देणारा खडक नाहीच का? तो आहे, फक्त झाकणाखाली आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी गेल्या दशकात पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने खोल विंधनविहिरी घेतल्या. त्यांपैकी रासाटीला सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी पाया लागला. गोठण्याला तो सुमारे १,२५० मीटरवर लागला आणि तिथले विंधन तीन किलोमीटरपर्यंत गेले. मध्ये जुन्या गाळाचा थर मिळाला नाही. कोयनेपासून भोरपर्यंतचे अंतर पाहता इथेही पाया तसाच असावा असे मानायला हरकत नाही. पण इतक्या जाडीच्या कातळातून आरपार गॅमा किरण वर येत नाहीत. किरणमापक हातात घेऊन किंवा विमानातून फिरवून खालच्या पायाबद्दल काहीच कळत नाही. शोध घ्यायचा तर भोके पाडावी लागतील, आणि काय मिळेल याची काही खूण नसताना असा खर्च कोणी करत नाही.

दुर्मिळ मूलद्रव्यांनी या भागाच्या अभ्यासात मोठे काम केले ते वेगळ्याच वाटेने. दिसायला सारखे असणारे लाव्हाचे थर ओळखायचे कसे, हा जुना प्रश्न होता. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील सुखेस्वाला आणि ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स यांच्या सहभागातून १९८१ मध्ये महाड-महाबळेश्वर घाटातल्या थरांचे रासायनिक वर्गीकरण प्रसिद्ध झाले. झिर्कोनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम अशा द्रव्यांची दहा लाखांतली मोजणी आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर यांवरून थरांचे गट पाडता येऊ लागले. मुंबईच्या आयआयटीतील के. व्ही. सुब्बाराव आणि अमेरिकेतील पीटर हूपर यांच्या चमूने हे काम सह्याद्रीभर नेले. पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर ही गटांची नावे भोरच्या शेजारच्या घाटांची आणि गावांची आहेत. हे तिन्ही वाई उपगटात मोडतात. भोर-वेल्ह्याचे डोंगर मुख्यतः याच उपगटातले. पोलादपूर गटाच्या लाव्हात वाटेतले जुने भूकवच मिसळल्याच्या खुणा दिसतात. अंबेनळीच्या लाव्हात ते फारसे मिसळलेले नाही. खालच्या ग्रॅनाइटी पायाचा पुरावा विंधनाआधीच असा रसायनातून मिळाला होता.

युरेनियमचाही एक उपयोग झाला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जी तांबडी माती दिसते, तिच्यात ज्वालामुखीच्या राखेबरोबर पडलेले झिर्कॉनचे सूक्ष्म कण मिळतात. झिर्कॉनमध्ये थोडे युरेनियम अडकलेले असते आणि ते ठरावीक वेगाने शिशात बदलते. प्रिन्स्टन विद्यापीठातील ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या अशा कणांवरून २०१५ आणि २०१९ मध्ये थरांची वये काढली. हा सारा उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत, डायनासोर नष्ट झाले त्या काळाच्या आगेमागे झाला, हे त्यातून ठरले.

पुणे जिल्ह्यात दुर्मिळ धातूचे खनिज नाहीच असे नाही. वाघोलीच्या दगडखाणींतला निळाभोर कॅव्हनसाइट व्हॅनेडियमचे खनिज आहे आणि जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. पण तो बेसाल्टच्या पोकळ्यांत, गारगोट्यांच्या सोबतीने मिळतो. धातू काढण्याइतका कधीच नाही. भोर आणि वेल्ह्यात उत्खननाचे परवाने आजही दगड, मुरूम आणि माती या गौण खनिजांसाठीच दिले जातात.