पाचवा गठ्ठा

मिनिआपोलिस शहरातल्या तिसऱ्या वॉर्डाचं पहिलं मतदान केंद्र एका चर्चमध्ये होतं. ४ नोव्हेंबर २००८ रोजी तिथल्या यंत्राने नोंदवलेला आकडा आहे २,०२९ मतपत्रिकांचा. महिनाभराने त्याच केंद्राच्या मतपत्रिका हाताने मोजल्या, तेव्हा भरल्या १,८९६. एकशे तेहतीस कमी. मतपत्रिका पाच पाकिटांत भरून त्यांवर क्रमांक टाकले होते; त्यातलं पहिलं पाकीटच जागेवर नव्हतं. गोदाम पालथं घातलं, चर्च पालथं घातलं. पाकीट मिळालं नाही ते नाहीच.

एरवी १३३ मतांसाठी कोणी एवढी धावपळ केली नसती. पण अमेरिकेच्या सिनेटसाठी मिनेसोटा राज्यात त्या वर्षी जवळपास २९ लाख मतं पडली होती, आणि १८ नोव्हेंबरला मांडलेल्या अधिकृत हिशेबात पहिल्या दोघांमध्ये अंतर होतं २१५ मतांचं. पुढे होते विद्यमान सिनेटर, रिपब्लिकन नॉर्म कोलमन. मागे डेमोक्रॅट अल फ्रँकन, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांमुळे घरोघरी माहीत असलेले. तिसरे डीन बार्कली सुमारे १५ टक्के मतं घेऊन गेले. एरवीची सरळ लढत त्यामुळे केसावर येऊन ठेपली.

निवडणुकीच्या रात्रीची कोलमन यांची आघाडी सातशेच्या वर होती. ती उतरली तेव्हा ‘मतं चोरली’ अशी ओरड झाली. कागद पाहिले तर कारण साधं दिसतं. पाइन काउंटीत एका ठिकाणी फ्रँकन यांची १२४ मतं ‘२४’ अशी चढली होती. आकडे घाईत, रात्री उशिरा, थकलेल्या माणसांनी भरलेले असतात. दुसऱ्या दिवशी उजेडात ताळा घेतला की असे घोळ बाहेर येतातच. कोणाच्या तरी मोटारीतून ३२ मतपत्रिका शहरभर फिरत होत्या, ही कहाणीही त्याच आठवड्यातली. अधिकाऱ्यांनी ती नाकारली आणि पुढे तिला कसलाच आधार मिळाला नाही. कागद हरवला तर निदान त्याची जागा रिकामी दिसते, अफवेला तेवढीही खूण नसते.

मिनेसोटाच्या कायद्यात अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी असलं की फेरमोजणी आपोआप होई आणि खर्च सरकारचा. आपल्याकडे उमेदवाराला लेखी अर्ज करावा लागतो, निवडणूक अधिकाऱ्याला तो मान्य किंवा अमान्य करताना लेखी कारण द्यावं लागतं, आणि निकाल जाहीर झाला की उच्च न्यायालयाचा दरवाजा तेवढा उरतो. मिनेसोटात फेरमोजणी मागण्याची नामुष्की कोणाच्याच वाट्याला आली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

१९ नोव्हेंबरपासून राज्यभरात शंभरावर ठिकाणी टेबलं मांडली गेली. एकेक मतपत्रिका उचलायची, गोल कोणासमोर काळा केलाय ते पाहायचं, गठ्ठ्यात ठेवायची. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी शेजारी उभे. ज्यावर हरकत आली ती मतपत्रिका वेगळी. हरकती साडेसहा हजारांवर गेल्या. त्यातल्या बहुतेक नंतर मुकाट्याने मागे घेतल्या गेल्या. उरलेल्यांचा निकाल पाच जणांच्या मंडळाने उघड्यावर केला: निवडणुकांचा कारभार पाहणारे मार्क रिची हे निवडून आलेले डेमोक्रॅट, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एरिक मॅग्नसन आणि न्यायाधीश बॅरी अँडरसन हे रिपब्लिकन गव्हर्नरने नेमलेले, शिवाय कॅथलीन गिअरिन आणि एडवर्ड क्लिअरी हे जिल्हा न्यायाधीश. मतपत्रिकांची छायाचित्रं वर्तमानपत्रं आणि रेडिओच्या संकेतस्थळांवर लागली. घरबसल्या लोक न्यायाधीशांच्या आधी निकाल देऊ लागले.

ती चित्रं आजही पाहण्यासारखी आहेत. कोणी गोल काळा करून वर फुली मारलेली, कोणी दोन गोल अर्धे भरलेले. बेल्ट्रामी काउंटीतल्या एका मतदाराने फ्रँकन यांच्यासमोरचा गोल भरला आणि खाली कोऱ्या ओळीवर ‘सरडे लोक’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहिले. फ्रँकन यांच्या वकिलाचं म्हणणं, असा उमेदवार अस्तित्वातच नाही, तेव्हा मत आमचं. मंडळाने ते दोघांना दिलेलं मत मानून बाद केलं. हसण्यावारी नेण्याजोगा प्रसंग, पण पेच खरा होता. तिथला कायदा मतदाराचा हेतू शोधायला सांगतो. ओळख पटावी म्हणून मुद्दाम केलेली खूण दिसली तरच अख्खी मतपत्रिका बाद. आपल्या कागदी मतपत्रिकेवर असं काही लिहिणाऱ्याला शिक्काच उपयोगी पडला नसता.

खूण आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ती कोणाची, हेही विचारावं लागतं. चंडीगडच्या महापौरपदाच्या निवडणुकीत ३६ पैकी ८ मतपत्रिका खुणा असल्याचं सांगून बाद झाल्या. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्या आठही वैध धरल्या आणि निकाल उलटला, कारण खुणा मतदारांच्या नव्हत्या, मोजणाऱ्या अधिकाऱ्याच्याच होत्या.

मिनेसोटात १२ डिसेंबरला मंडळाने हरवलेल्या पाकिटाचं काय करायचं ते ठरवलं: त्या केंद्रापुरता यंत्राचा आकडा धरायचा. हाताने मोजणी करायची ती यंत्रावर विसंबायचं नाही म्हणून, आणि इथे हात रिकामा निघाल्यावर यंत्राचाच शब्द मानला. निर्णय योग्य होता असं मी म्हणेन, कारण मतदान केल्याची नोंद होती आणि पाकीट हरवण्यात मतदारांचा काहीच दोष नव्हता. फ्रँकन यांना त्याने निव्वळ ४६ मतांचा फायदा झाला. वर्षअखेरीस हरकती निकाली निघाल्या, तेव्हा ते ४९ मतांनी पुढे होते. म्हणजे ते पाकीट जमेस धरलं नसतं, तर आघाडी उरली असती तीन मतांची.

खरी लढाई मात्र न उघडलेल्या पाकिटांची होती. टपालाने आलेली सुमारे १२ हजार मतं निवडणुकीच्या वेळी नाकारली गेली होती. नाकारायला कायद्यात चारच कारणं: नाव-पत्ता जुळत नाही, सही खरी वाटत नाही, मतदार पात्र नाही, किंवा त्याने आधीच मत दिलंय. ज्या पाकिटांना यातलं एकही कारण लागू नव्हतं, त्यांना ‘पाचवा गठ्ठा’ असं नाव पडलं. अधिकाऱ्यांनी शोधली तेव्हा अशी तेराशेहून अधिक निघाली.

१८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन असा आदेश दिला: दोन्ही उमेदवार आणि स्थानिक अधिकारी यांचं एकमत होईल तेवढीच पाकिटं उघडा. असहमत न्यायाधीशांत अ‍ॅलन पेज होते. न्यायालयात येण्यापूर्वी ते व्यावसायिक फुटबॉलमधले नामांकित खेळाडू. मतदाराचा हक्क उमेदवारांच्या मर्जीवर टांगता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. कागदपत्रं वाचून झाल्यावर मला पेज यांचंच पटतं. सगळ्या फेरमोजणीत कुठे न्याय कमी पडला असेल तर तो इथे. ज्याचं मत चुकून नाकारलं गेलं, त्याच्या पाकिटावर नकाराधिकार दिला कोणाला? ज्याला ते मत विरोधात जाण्याची भीती आहे त्याला! एकमत झालं ९५३ पाकिटांवर. ३ जानेवारी २००९ रोजी सेंट पॉलमध्ये ती उघडली, त्यातली ९३३ मोजली: फ्रँकन ४८१, कोलमन ३०५, बाकी इतरांना. ४९ची आघाडी २२५ झाली आणि ५ जानेवारीला मंडळाने १२,१२,४३१ विरुद्ध १२,१२,२०६ हा निकाल प्रमाणित केला.

मग भूमिका उलटल्या. डिसेंबरात पाकिटं उघडायला नाखूश असलेले कोलमन आता हजारो उघडा म्हणू लागले. ‘एकही मत वाया जाऊ नये’ म्हणणाऱ्या फ्रँकन गटाला कायद्याची काटेकोर कलमं आठवली. कोलमन यांनी निकालाला न्यायालयात आव्हान दिलं. त्यासाठी तीन न्यायाधीशांचं पीठ नेमलं पेज यांनी, कारण मंडळावर बसलेल्या मॅग्नसन यांना मुख्य न्यायाधीशाचा तो अधिकार वापरता येत नव्हता. २६ जानेवारीपासून सुनावणी चालली. काही काउंटींनी नियम सैल लावले, काहींनी कडक, म्हणून सैल ठिकाणच्या मापानेच सगळं मोजा, हा कोलमन यांचा युक्तिवाद पीठाने मानला नाही, आणि ३० जून रोजी वरच्या न्यायालयानेही ५-० असा फेटाळला. त्याच दिवशी कोलमन यांनी पराभव मान्य केला.

पीठाने हजारोंतून ३५१ पाकिटं पात्र ठरवली. ७ एप्रिलला ती न्यायालयात उघडली. फ्रँकन यांना १९८, कोलमन यांना १११, आणि अंतिम अंतर ३१२. राहिलेल्या ४२ जणांचं मत नाकारलं गेलं होतं, त्यावर महिनोन्‌महिने वाद झाले, पाच महिन्यांनी न्यायाधीशांसमोर ते एकदाचं पाकिटातून बाहेर आलं, आणि त्या दोघांपैकी कोणालाच ते दिलेलं नव्हतं.