दिवा कुणासाठी लागतो?

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की गाडी आपले दुखणे आपल्याला सांगते आहे असे मालकाला वाटते. इतिहास पाहता ही समजूत अर्धीच खरी ठरते. हा दिवा मालकाच्या सोयीपेक्षा शहराच्या हवेच्या काळजीतून अधिक आला आहे.

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळ्यांना झोंबणारे धुरके दाटू लागले. कॅलटेकमधील शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याचे कारण दाखवून दिले : गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातील हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते निर्माण होत होते. पुढे १९६७ साली कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापले; त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच होते. १९७० चा अमेरिकी कायदा आणखी कडक झाला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले.

पण त्यानंतर आलेल्या, तिन्ही प्रदूषके एकदम आवरणाऱ्या कन्व्हर्टरला इंधनाचे मिश्रण नेमके लागते : वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. साध्या कार्ब्युरेटरला हा तोल सतत राखणे जमेना. म्हणून धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर आला आणि त्याचे ऐकणारा संगणकही. संगणक आला तशी त्याच्या स्मरणात बिघाडांची नोंदही राहू लागली. १९८० च्या दशकातील जनरल मोटर्सच्या गाड्यांत मेकॅनिक सॉकेटमधील दोन टोके तारेने जोडून दिव्याची उघडझाप मोजत असे. एक लुकलुक, विराम, मग दोन लुकलुकी, म्हणजे कोड १२. प्रत्येक कंपनीची बोली निराळी होती. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली, आणि १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकच सोळा टोकांचे सॉकेट व समान कोड आले. भारतात हे बंधन २०१० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले.

या जन्मकथेतच कोडच्या मर्यादा दडलेल्या आहेत. धूर ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होईल असा बिघाड झाला तर दिवा लागावा, हे या नियमांमागचे मुख्य गणित होते. इंजिनाच्या आयुष्याचा विचार त्यात दुय्यम होता. म्हणून कोड सांगतो ते सेन्सरला काय दिसले. कोणता भाग बिघडला हे नव्हे. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते आहे. तो वाचून कुणी घाईने प्राणवायूचा सेन्सर बदलतो, कोड पुसतो, आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. सेन्सर खरेच बोलत होता. दोष असतो तो चिरलेल्या रबरी नळीत, तुंबलेल्या फिल्टरमध्ये किंवा थकलेल्या पंपात. शहाणा मेकॅनिक आधी कोड लिहून ठेवतो, त्या क्षणीचे आकडे पाहतो, नळीवर कान लावून हवा कुठे गळते ते ऐकतो, इंधनाचा दाब मोजतो, आणि मगच पाना उचलतो. स्कॅनर त्याला गल्ली दाखवतो, घर त्यालाच शोधावे लागते.

साक्षीदार गप्प राहू शकतो, हेही २०१५ साली जगाने पाहिले. फोक्सवॅगनच्या जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत चाचणी ओळखणारी आज्ञावली सापडली. प्रयोगशाळेत या गाड्या सोज्वळ होत्या आणि रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे ओकत होत्या. ज्या हवेसाठी दिवा निर्माण झाला, तिच्याविषयी तो काहीच बोलला नाही. खरे उघड होऊ लागले ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धावत्या गाडीच्या धुराड्याला मापक जोडल्यावर.

नळीवर कान लावणारा मेकॅनिक आणि धुराड्याशी यंत्र बांधणारे हे संशोधक एकाच परंपरेतले आहेत. यंत्राची साक्ष दोघांनीही घेतली. निकाल मात्र स्वतः तपासूनच दिला.