तेर्स: गोव्यातील ख्रिस्ती घर आणि आईचे धर्मकार्य

गोव्यातील कॅथलिक समाजाचा इतिहास बहुधा चर्च, मिशनरी संघ आणि पोर्तुगीज राजसत्ता यांच्या कागदपत्रांवरून लिहिला गेला आहे. त्यामुळे या समाजाची श्रद्धा रोजच्या जगण्यात कोणी सांभाळली, हा प्रश्न मागे पडला. 19व्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1961 पर्यंतच्या काळात, सासष्टी आणि बार्देश या तालुक्यांतील असंख्य पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला, आफ्रिकेला किंवा जहाजांवर गेलेले असताना, मुलाबाळांनी भरलेले घर आणि त्या घराचा धर्म ही दोन्ही ओझी मुख्यतः आईच्या खांद्यावर आली, आणि ती पेलताना तिच्या हाती असलेले सर्वांत समर्थ साधन म्हणजे तेर्स.

तेर्स म्हणजे जपमाळेची सायंप्रार्थना. येशू आणि मारिया यांच्या जीवनातील प्रसंगांवर चिंतन करत ‘नमान मारिये’ ही प्रार्थना दहा-दहांच्या पाच फेऱ्यांत म्हणायची, आणि शेवटी लदीन, म्हणजे मारियेच्या विविध नामांची आळवणी करायची, असे तिचे स्वरूप असते. तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली, की घरातील वेदीसमोर दिवा किंवा मेणबत्ती लावून सारे कुटुंब गुडघे टेकत असे. प्रार्थना संपल्यावर मुले वडीलधाऱ्यांकडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, घेत. सहा-सात मुलांच्या घरात सर्वांनी एकत्र येण्याची हीच ठरलेली वेळ असल्याने कोण अजून परतले नाही, कोण आजारी आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे आईला तेथेच उमगे. धाकट्यांना अक्षरओळख होण्यापूर्वीच प्रार्थना मुखोद्गत होत, आणि मृतांसाठी व दर्यावर असलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना म्हटली जात असल्याने दूरच्या बापाचे नाव घरात रोज उच्चारले जाई.

घर हे धर्माचे खरे क्षेत्र आहे, याची जाणीव सत्तेलाही होती. गोव्यातील इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा छडा लावून शिक्षा देणाऱ्या न्यायपीठाने, 1736 मध्ये काढलेल्या आज्ञापत्रात लग्नातील कोकणी गाण्यांसह जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्याशी निगडित अनेक जुन्या चालींवर बंदी घातली, आणि या चाली बव्हंशी स्त्रियांच्या हातून होणाऱ्या होत्या. ते न्यायपीठ 1812 मध्ये कायमचे बंद झाले आणि 1835 मध्ये धर्मसंघांनाही गोवा सोडावा लागला, तरी घरातील प्रार्थनेत खंड पडला नाही. पुढे पोप तेरावे लिओ यांनी 1883 पासून ऑक्टोबर महिना जपमाळेच्या भक्तीला वाहिल्यावर तिला जगभर नवे बळ मिळाले.

या श्रद्धेमागचा संसार मात्र कठीण होता. कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी ग्रामसंस्था, हिच्या उत्पन्नातील वाटा, ज्याला जोण म्हणत, तो गावकारांना, म्हणजे त्या संस्थेच्या पुरुष सदस्यांना, मिळे. 1870 पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने पत्नीला सामाईक मालमत्तेत निम्मा हक्क दिला, परंतु त्या मालमत्तेचा कारभार पतीच्या गैरहजेरीतच तिच्याकडे येत असे. तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या, माणसाच्या घरी ही गैरहजेरी नित्याचीच असल्यामुळे शेत, कर्ज, मुलांचे शिक्षण आणि मुलींची लग्ने यांचे निर्णय आईला घ्यावे लागत. मोठ्या कुटुंबातील एखादा मुलगा राशोलच्या सेमिनरीत पाठवण्याची, म्हणजे धर्मगुरू करण्याची, प्रतिष्ठेची परंपराही होती. मोठ्या कुटुंबातून धर्मगुरू झाल्याचे जुने उदाहरण म्हणजे बाणावली येथे 1651 मध्ये जन्मलेले संत जुझे वाझ; ते सहा भावंडांतील तिसरे होते.

चर्चमधील मान मात्र पुरुषांचा होता. कॉन्फ्रारिया या भक्तमंडळांतील पदे, उत्सवातील क्रम आणि मिरवणुकीतील झगे यांवरून जातिनिष्ठ वाद झाले आणि त्यांच्या नोंदी राहिल्या; आईने घरात चालवलेल्या प्रार्थनेचे दप्तर मात्र कोणी ठेवले नाही. तिच्या कार्याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी, मुंबईच्या धोबीतलाव आणि माझगाव भागांतील कूड या वसतिगृहांत, सापडतो. एकेका गावातील लोकांनी चालवलेल्या आणि एके काळी शेकडोंनी असलेल्या या कूडांत केवळ पुरुष राहत. जहाजाची वाट पाहणारा तारवटी आपली पेटी तेथे ठेवी. गावाच्या संरक्षक संताची वेदी आणि रोज संध्याकाळचा तेर्स हे तेथील निवासाचे बंधनकारक अंग होते. ज्या घरातून ही मुले निघाली, त्या घराची अलिखित शिस्तच त्यांनी आईच्या अनुपस्थितीत नियम म्हणून लिहून काढली, असे म्हणता येते.

या मातृत्वाचे उदात्तीकरण करताना त्याची किंमत विसरता कामा नये. बायकांना एकटेपणी वर्षे काढावी लागत, थोरल्या मुलीचे बालपण धाकट्या भावंडांना सांभाळण्यात सरे, आणि हुंड्याच्या चिंतेचे ओझेही आईनेच वाहिले. पुढे आखाती देशांतील नोकऱ्या, लहान कुटुंबे आणि दूरचित्रवाणी यांमुळे तेर्साची वेळ ढळली, तरी कूडांच्या नियमावल्यांमुळे एवढे निश्चित होते, की गोव्याच्या कॅथलिक परंपरेच्या इतिहासात आईचे स्थान भावनेपुरते मर्यादित नसून ती परंपरा चालवणाऱ्या संस्थांच्या बरोबरीचे आहे.